तारीख नव्हे, तिथी विचारा

७ फेब्रुवारी १९८१ला बंगळुरात व्हीनस सर्कसचा तंबू पेटला. नव्वदहून अधिक जीव गेले, त्यांत मुलंच जास्त. ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा तणाव-विकार) हे नाव मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तिथल्याच निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या मंडळींनी मागे उरलेल्या आप्तांच्या शोकाचा अभ्यास केला. त्याच शहरात ४ जून २०२५ला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले.

अशा वेळी ‘नेमकं काय झालं, सांगा’ असं कॅमेरेवाले विचारतात. त्यांचं सोडा, आपणही विचारतो. मन मोकळं केलं की बरं वाटतं, हा आपला लाडका समज. पण पहिल्याच दिवसांत एका बैठकीत सगळं वदवून घेतल्यानं पुढचा पीटीएसडी टळत नाही, हे चाचण्यांत दिसून आलेलं आहे. झोपेच्या गोळीचंही तेच. पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपाइन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३मध्ये सांगितलं, तरी हात आधी तिकडेच वळतो. माझाही वळायचा. बहुतेकांचं दचकणं, झोप उडणं हळूहळू ओसरतं. तोवर निवारा, हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा, कागदपत्रं यांतली मदत मोठी.

खरी गफलत महिना उलटल्यावर होते. ‘फ्लॅशबॅक’ असं कुणी म्हणत नाही. ‘छातीत धस्स होतं’, ‘डोळ्यांसमोरून हलत नाही’, ‘नातू हसला तरी आत काही वाटत नाही’ असं म्हणतात, आणि ईसीजी काढून घरी जातात.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. पुढे कित्येकांना दगडी घरात पाठ टेकवेना. ही लक्षणांतली टाळाटाळ की शहाणपण? मला दोन्ही वाटतं, आणि आपल्या प्रश्नावलीत त्याला चौकट नाही.

केस पेपरवर आपण ३० सप्टेंबर लिहितो. विसर्जनाचे ढोल मात्र कधी सप्टेंबरच्या सुरुवातीला वाजतात, कधी शेवटी. भाद्रपदात कुणी तक्रार घेऊन आलं, ‘दरसाल याच सुमारास छाती धडधडते’ म्हणालं, तर रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता एवढंच विचारा: तेव्हा कोणता सण होता?