बेघर श्रमिक आणि पक्षशाखांचे कर्तव्य

दर हिवाळ्यात मोठ्या शहरांतील पुलांखाली घोंगड्या वाटल्या जातात, छायाचित्रे घेतली जातात आणि बेघरांचा प्रश्न पुढील हिवाळ्यापर्यंत विसरला जातो. ही घोंगडी घेणारी माणसे कोण आहेत? विटा वाहणारे, हमाली करणारे, लग्नसमारंभात भांडी घासणारे, कचरा वेचणारे श्रमिक. शहर त्यांचे श्रम घेते. श्रमांनंतर पाठ टेकण्यास मात्र जागा देत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होते. त्याच जनगणनेत शहरांतील १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. घरांचा तुटवडा ही सबब एवढ्यावरूनच खोटी ठरते. भांडवली व्यवस्थेत घर बांधले जाते ते नफ्यासाठी. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी विभागातही सर्वाधिक घरे स्वतःच्या जमिनीवर बांधणाऱ्यांच्या वाट्याला आली. पदपथावर झोपणाऱ्याने जमीन कोठून दाखवावी?

डिसेंबर २००९ मध्ये ऐन थंडीत दिल्लीतील एक रात्रनिवारा पाडण्यात आला. त्यानंतर, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांतील दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी एक, बारमाही आणि चोवीस तास खुला निवारा उभारण्याचा दंडक घालून दिला. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तो स्वीकारला. निवाऱ्यातील माणसाला रेशन, औषधोपचार, निवृत्तिवेतन व मतदारयादीशी जोडून द्यावे, असेही त्यात लिहिले. लिहिलेले कागदावरच राहिले. रेशनकार्डासाठी पत्ता हवा आणि पत्त्यासाठी घर हवे, या चक्रात बेघर माणूस प्रत्येक कचेरीच्या दारातून परत फिरतो.

हे चक्र तोडता येते. केरळमध्ये डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २०२१ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत ६४ हजार अतिदरिद्री कुटुंबे हुडकून काढली आणि प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र आराखडा केला: कोणाला रेशनकार्ड, कोणाला औषधोपचार, कोणाला घर. अर्जदार येईल म्हणून वाट पाहत न बसता शासनयंत्रणाच त्याच्याकडे गेली.

इतरत्र सरकार आपले नाही, म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. बेघर व्यक्ती दिलेल्या जागी खरोखरच झोपते, याची मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन खात्री केल्यास तिला मतदारनोंदणीसाठी निवासाचा कागदी पुरावा लागत नाही, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. हा नियम किती शाखांना माहीत आहे? कामगार संघटनांत आपण कामाच्या ठिकाणचे प्रश्न हाती घेतो. परंतु आपला सभासद रात्री कोठे झोपतो, हे क्वचितच विचारतो. ही आपली उणीव आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

म्हणून प्रत्येक शहर समितीने आपल्या भागातील बेघरांची यादी रात्री प्रत्यक्ष फिरून करावी, दंडकाप्रमाणे किती निवारे हवेत व किती आहेत याचा हिशेब महापालिकेपुढे मांडावा आणि रेशन व मतदारनोंदणीचे अर्ज सामुदायिकपणे दाखल करावेत. निवारा ही केवळ पहिली पायरी आहे. सार्वजनिक खर्चाने परवडणारी घरे, हीच आपली मागणी राहील. ज्या श्रमिकाचे नाव आज यादीत येईल, तोच उद्या त्या मागणीच्या मोर्चात आघाडीवर चालेल.