डिस्क बदलली, पण ठेवा सुरक्षित झाला का?

वस्तू दुरुस्त झाली म्हणजे ती सुरक्षित झाली, असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात फार जुना आहे. संगणकाच्या बाबतीत तर तो अधिकच घट्ट दिसतो. आपल्या महाविद्यालयाच्या संगणक विभागात चार डिस्कांचा एक साठवण-संच आहे. या नियतकालिकाचे जुने अंक पानन् पान स्कॅन करून त्यात ठेवले आहेत. मराठी विभागाने सीमाभागातील खेड्यांतून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात आहेत, तशीच कन्नड विभागाने जमविलेली जनपद गीतेही आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यातील एक डिस्क निकामी झाली. नवी बसविली आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत झाले. तेव्हापासून ‘आता चिंता नाही, एक डिस्क गेली तरी काही जात नाही’ हे वाक्य मी प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्याही तोंडून ऐकत आहे. स्वतंत्र राखीव प्रतीसाठी मागितलेला खर्चही याच वाक्याच्या आधारे पुढे ढकलला गेला. हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच मला ते धोक्याचे वाटते.

आधी त्याचा खरा भाग पाहू. तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ हे आकडे आहेत व चौथीवर त्यांची बेरीज २० लिहून ठेवली आहे, असे समजा. मधली डिस्क गेली, तर विसातून सात व नऊ वजा करून हरवलेला ४ परत मिळतो. प्रत्यक्षात ही बेरीज द्विमान अंकांची, सम-विषम पद्धतीची असते. तिला पॅरिटी म्हणतात. ती एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सर्व डिस्कांवर विखुरलेली असते. या कल्पनेचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन आउची यांना १९७८ मध्ये मिळाले. पुढे १९८८ मध्ये बर्कली येथील पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका निबंधात तिची पद्धतशीर मांडणी केली आणि ‘रेड’ हे नाव रूढ झाले. एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्का वापराव्यात आणि त्यांच्या नाजूकपणावर पॅरिटीचा उतारा ठेवावा, हा त्यांचा विचार होता. तो अत्यंत सुंदर आहे यात शंका नाही.

आता अर्ध्या खोट्या भागाकडे वळू. नवी डिस्क बसविल्यावर तिच्यावरील माहिती पुन्हा ‘उभी’ करावी लागते. आपल्या संचातील डिस्क आठ टेराबाइटची, म्हणजे आठ लाख कोटी बाइटांची आहे. सेकंदाला वीस कोटी बाइट या वेगाने ती भरावयाची म्हटले, तरी चाळीस हजार सेकंद, म्हणजे अकरा तासांहून अधिक वेळ लागतो. संच त्याच वेळी इतर कामांसाठी वापरात असेल तर आणखी जास्त. एवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्का अथपासून इतिपर्यंत वाचल्या जात असतात आणि त्या काळात संचाला दुसऱ्या डिस्कचे निधन सोसत नाही. चार विसंबलेल्या भावांतील एक गेला आणि त्याच्या वाट्याचे ओझे उरलेल्या तिघांवर एका रात्रीत पडले, तशातला हा प्रकार आहे.

त्यातही हे चौघे बहुधा एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेले असतात. त्यांचे वय एक आणि त्यांनी सोसलेली उष्णता व विजेचे झटकेही तेच. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कांची माहिती तपासली. कारखानदारांच्या कागदांवरून वर्षाला शेकडा ०.८८ पेक्षा जास्त डिस्का बिघडू नयेत. प्रत्यक्षात शेकडा दोन ते चार बदलाव्या लागत होत्या आणि काही ठिकाणी हे प्रमाण तेरापर्यंत गेले होते. बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, असेही त्यांना आढळले. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात साडेबारा टेराबाइट वाचल्यावर एखादी न सुधारणारी वाचनचूक होऊ शकते, अशी मर्यादा दिलेली असते. आपल्या पुनर्बांधणीत चोवीस टेराबाइट वाचावे लागतात. डिस्का प्रत्यक्षात पुष्कळदा या मर्यादेपेक्षा चांगल्या वागतात. पण आजीबाईंच्या ओव्या ‘पुष्कळदा’वर सोडाव्यात काय?

शिवाय पॅरिटी फक्त डिस्कच्या मरणावर औषध आहे, माणसाच्या हातावर नाही. कोणी चुकून एखादी फाइल पुसली, तर ती चारही डिस्कांवरून एकाच क्षणी जाते. निकामी डिस्कऐवजी शेजारची चांगली डिस्क उपसून काढली, तर संचच कोसळतो. आग किंवा छतातून गळणारे पाणी चारांपैकी एकच डिस्क निवडून घेत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात इतक्या पुढारलेल्या देशाची ही कथा, तिथे आपल्या एका खोलीतील एका पेटीचा काय पाड!

प्रत आहे एवढ्यावरही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. तेव्हा राखीव प्रतींच्या बहुतेक व्यवस्था ऐनवेळी निरुपयोगी ठरल्या. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत कामी आली. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती प्रत नव्हे. ती केवळ समजूत होय.

आपल्या दोन्ही भाषांना हे शहाणपण नवे नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली, तरी ती लोकांच्या मुखी असल्यामुळे तरली, असे आपण मानतो. बाराव्या शतकातील शरणांची वचने ताडपत्रांवर घरोघरी विखुरलेली होती. फ. गु. हळकट्टी यांनी ती हिंडून हिंडून गोळा केली आणि १९२३ पासून छापून प्रसिद्ध केली. ही ताडपत्रे एकाच कपाटात असती, तर एखाद्या वाळवीने सर्वांचा निकाल लावला असता. ती अनेक घरांत होती म्हणून वाचली.

तेव्हा माझे म्हणणे स्पष्ट आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आपण पाळावा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. संचाच्या प्रत्येक कप्प्यावर डिस्कचा अनुक्रमांक लिहावा, म्हणजे बदलताना चुकीची डिस्क हाती येणार नाही. एक कोरी डिस्क कपाटात तयार असावी. वर्षातून दोनदा राखीव प्रतीतून दहा-वीस फायली परत काढून, उघडून व ऐकून पाहाव्यात, आणि हे काम कोणा एका हौशी विद्यार्थ्यावर न सोडता विभागाच्या वहीत नोंदवावे. विद्यार्थी दर तीन वर्षांनी बदलतात. हा लेख छापून येईल तेव्हा मीही बाहेर पडलेला असेन.

आणि एक सूचना थोडी धाडसाची. मराठी विभागाच्या ठेव्याची प्रत कन्नड विभागाच्या कपाटात असावी व कन्नडची मराठीच्या. दोन विभाग दोन इमारतींत आहेत, ही सोय आपोआपच झालेली आहे. बाहेर भाषेवरून काय चालते ते मी सांगावयास नको. परंतु त्या संचाच्या आत आपली पाने कधीच एकमेकांत मिसळली आहेत. एकाचा हरवलेला अंक परत मिळविण्यासाठी दुसऱ्याचा अंक हाताशी असावाच लागतो. जे यंत्राला कळले ते आपल्याला वळू नये काय?

पैसे नाहीत, असे उत्तर येईल. भाड्याच्या दूरस्थ साठ्यात ठेवा, असेही कोणी सुचवील. तेही जरूर करावे. पण भाडे थकले किंवा परवलीचा शब्द जाणणारा माणूस निवृत्त झाला, तर तो साठाही परकाच. प्रतीसाठी लागणाऱ्या दोन डिस्का ही काही महाविद्यालयाला न पेलणारी खरेदी नव्हे. ज्या आजीबाईंचा आवाज आपण टिपला, त्यांतील काही आज हयात नाहीत. निकामी डिस्क बाजारात मिळते, त्या ओव्या मिळणार नाहीत. पुढील सत्राच्या अंदाजपत्रकात या खर्चाचा समावेश व्हावा, एवढीच प्राचार्यांना व दोन्ही विभागप्रमुखांना माझी नम्र विनंती आहे.