घारापुरीच्या वाटेवरचा मोठ्या जहाजांचा रस्ता



डिसेंबरात चैत्यभूमीला आलेली गावाकडची मंडळी गेटवेवरून लाँचने घारापुरीलाही जातात. तिथे पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, ते मात्र फार थोडे पाहतात. असो. आज आम्ही लिहितो आहोत ते मधल्या तासाभराच्या पाण्याबद्दल.

या वाटेत लाँचला बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांचा खोल मार्ग ओलांडावा लागतो. पाणी सगळीकडे सारखेच दिसते, म्हणून वाटते, एवढ्या मोठ्या जहाजाने जरा बाजूला व्हायला काय हरकत आहे? पण बाजूला उथळ असते, जहाज गाळात रुतेल. भरलेले जहाज इंजिन उलटे फिरवूनही मैलभर पुढे जाऊ शकते. शिवाय त्याच्या नाकासमोरचे पाणी कप्तानाला दिसत नाही. ही आंधळी जागा ५०० मीटरपर्यंत असू शकते. म्हणून १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत, २० मीटरपेक्षा लहान बोटीने आणि शिडाच्या होडीने अरुंद मार्गात अशा जहाजाची वाट अडवू नये, असे आहे. इथेही लहानानेच वाट सोडायची का, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. हा प्रश्न मानपानाचा नाही, पाण्याच्या खोलीचा आहे.

आपल्या वस्त्यांतली काही मुले बोटीवर खलाशी आहेत, त्यांच्यासाठी थोडे. दूरचे जहाज आपल्या बोटीच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरा. आपली दिशा आणि बसायची जागा बदलू नका. काही मिनिटांत ते खांबाच्या पुढे किंवा मागे बरेच सरकले तर ठीक. त्याच रेषेत राहून मोठे होत गेले, तर टक्कर होणार. मग वेळीच, समोरच्याला कळेल असे ठळक वळावे आणि जहाजाच्या मागून जावे. पुढून काढण्याची घाई नको. मार्ग ओलांडायचा तो काटकोनात. जहाजाने पाच आखूड भोंगे दिले, तर तुमचा बेत त्याला कळलेला नाही. रात्री त्याचे लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले, तर त्याचे तोंड तुमच्याकडेच आहे.

अर्थात सगळे लहान बोटीच्या हातात नसते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. १५ माणसे गेली. वाचलेल्यांपैकी कित्येकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते.

त्याला नशीब म्हणून गप्प बसणे आम्हाला मान्य नाही. लाँच सुटण्याआधीच जॅकेट घाला, पट्टे आवळा. पदर किंवा ओढणी पट्ट्यात अडकू देऊ नका. लेकराला त्याच्या मापाचे मागा, मोठ्यांचे वर सरकून निघते. कोणी म्हणाले, "काही होत नाही ताई, बसा," तर उतरा. मागून दुसरी लाँच येतेच.