लेंड्या मोजणारी माणसं हवी आहेत

अकरा ससे आहेत, ३० एप्रिलच्या आत त्यांना घरं हवीत. पुढचं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं कुणाच्या तरी कानावर घाला.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका भाडेकरूने जागा सोडली आणि बाल्कनीतले ससे तिथेच ठेवून तो निघून गेला. घरमालकांनी कुलूप उघडलं तेव्हा चौदा होते. सुरुवात झाली होती दोनपासून. ‘दोन्ही माद्याच आहेत’ असं सांगून दुकानदाराने जोडी दिली होती, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. सशीचे दिवस तीस-एकतीस दिवसांत भरतात आणि ज्या दिवशी ती विते त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. बाकीचा हिशेब तुम्हीच करा. चौदातले तीन पहिल्या आठवड्यात गेले. उरलेल्या अकराही जणांच्या नसबंद्या झाल्या आहेत, जखमा भरल्या आहेत, सगळे नीट खातायत.

सध्या ते आमच्या चौघींच्या घरी वाटून ठेवले आहेत. त्यातल्या एकीची बदली बेंगळुरूला झाली. दुसरीच्या घरावर पत्रा आहे आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली ससा ठेवणं म्हणजे त्याला भट्टीत ठेवणं. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांतून बाहेर टाकतो. तिशीच्या वर पारा गेला की तो लोळत पडतो, श्वास जोरात चालतो आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर संपतो. पुण्याचा एप्रिल तुम्हाला ठाऊक आहे. तारीख घातली आहे ती याच्यासाठी.

माझ्याकडे तिघं आहेत. त्यांतला खारीक तारेच्या पिंजऱ्यात वाढलेला. कुत्र्या-मांजरांसारखी सशाच्या तळपायाला गादी नसते, नुसती केसांची लव असते. खारकेचे मागचे दोन्ही पाय तारेने सोलून निघाले होते. हॉलमध्ये सतरंजी अंथरून त्याला मोकळं सोडलं, तर दोन दिवस तो पिंजऱ्याएवढ्याच जागेत फिरत राहिला. तेवढं जायचं, वळायचं, परत यायचं. कडेला तार नव्हती, तरी तो तिथूनच वळायचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि हा सतरंजीच्या टोकापर्यंत पळत गेला, हवेत उडी मारली, उडीतच अंगाला पीळ दिला आणि खाली येऊन, जणू काही झालंच नाही असा, तोंड पुसत बसला. मेथी तशीच राहिली.

अशा वेळी हमखास सल्ला येतो : “तळजाईला नेऊन सोडा ना, रानात जगतील.” नाही जगणार. आपल्या टेकडीवरचा ससा आणि दुकानातला ससा यांना मराठीत एकच शब्द आहे, पण ती दोन वेगळी जनावरं आहेत. रानातल्या सशाची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि लवकरच पळू लागतात. घरातला ससा हा युरोपातल्या बिळं करून राहणाऱ्या जातीचा वंशज. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. या पांढऱ्याशुभ्र प्राण्याला टेकडीवर सोडलं तर पहिल्या रात्री कुत्री आणि सकाळी घारी त्याला गाठणार. असं वाऱ्यावर सोडून उपाशी मरायला लावणं हा १९६० च्या प्राणी-छळ प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये. कायद्याचा धाक किती, ते त्यावरून कळावं.

आता ज्यांना मनापासून न्यायचे आहेत त्यांच्यासाठी. ससा पिंजऱ्यात ठेवून बघायची वस्तू नाही आणि गाजरावर जगत नाही. त्याचं मुख्य अन्न गवत : वाळलेलं गवत दिवसभर समोर हवं, कारण त्याचे दात जन्मभर वाढतात आणि ते गवत चघळूनच झिजतात. जोडीला ताजी हरळी, कोथिंबीर. गाजर म्हणजे आपल्या पेढ्यासारखं, कधीतरी एक तुकडा. पोळी, बिस्किट, पाव अजिबात नको. दुखणं तो लपवतो, ओरडत नाही, रडत नाही. सकाळी ट्रेमध्ये लेंड्या कमी किंवा बारीक दिसल्या आणि समोरचं गवत तसंच पडलेलं असलं, तर ‘संध्याकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. बारा तास पोटात काही गेलं नाही तर आतडं थांबतं. सशाला उलटीही करता येत नाही. म्हणून आम्ही घर पाहायला येतो तेव्हा तुमचं प्राण्यांवर किती प्रेम आहे हे विचारत नाही. रोज सकाळी लेंड्यांकडे कोण बघणार, हे विचारतो.

मुलांच्या वाढदिवसाची भेट म्हणून देणार नाही. ससा आठ-दहा वर्षं जगतो : चौथीतला मुलगा कॉलेजात जाईल तेव्हाही तो घरात असेल आणि तोवर ट्रे साफ करणारी त्याची आई असेल, हे आम्ही फार घरांत पाहिलं आहे. एकटाही देणार नाही, जमलेल्या जोड्या आहेत, त्या तोडायच्या नाहीत. एका तिकडीचंही एकमेकांशिवाय पान हलत नाही, ती तशीच जाईल. भाड्याच्या घरात असाल तर मालकांची परवानगी लागेल. पैसे घेत नाही.

कायमचं जमत नसेल तर जूनच्या पावसापर्यंत सांभाळा. गवत, ट्रे, औषधपाणी आमचं, तुमच्याकडून एक सावलीची, फरशीची खोली. तेही नसेल तर औषध न मारलेल्या हिरवळीचं गवत कापून द्या, किंवा रात्री-अपरात्री गाडी काढायची तयारी कळवा. सशाचं नीट पाहणारे डॉक्टर मोजकेच आहेत आणि ते नेमके गावाच्या दुसऱ्या टोकाला असतात.

फोन नंबर मुद्दाम छापलेला नाही. मागच्या खेपेला छापला तर पहिल्या सात फोनांत पाच जणांनी भाव विचारला आणि एकाने वजन. या अंकाच्या कचेरीत ‘सशांसाठी’ एवढं सांगून नाव-नंबर ठेवा, त्याच संध्याकाळी आम्ही फोन करतो. बघायला या, खाली जमिनीवर बसायची तयारी ठेवून या. कान धरून उचलायचं नाही. येताना गाजरं आणू नका, कोथिंबिरीची जुडी आणा.