शिल्लक पुढे ओढणारे ठिपके

दुकानाच्या नव्या बिलावर आजोबांचे छायाचित्र असावे, ही घरातल्या मुलांची हौस. बिलाच्या छोट्या यंत्रातून पहिला कागद बाहेर आला. आजीने तो हातात घेतला आणि विचारले, "हे कोण?" पागोटे, गाल आणि मिशा मिळून एकच काळा डाग उमटला होता.

दोष यंत्राचा नव्हता. उष्णतेने छापणारी अशी यंत्रे साधारणतः एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके उमटवतात. पण प्रत्येक जागी निर्णय दोनच, काळा किंवा कोरा. छायाचित्रात मात्र काळ्याच्या ० पासून पांढऱ्याच्या २५५ पर्यंत छटा असतात. गालाची छटा १०० असेल, तर ती निम्म्याहून कमी म्हणून काळी धरली जाते. प्रत्येक कणावर १०० इतका उजेड असा सोडून दिला, आणि अवघा गाल बुडाला.

छापखान्यांना हा पेच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी गडद जागी मोठे आणि उजळ जागी बारीक ठिपके छापून तो सोडवला. कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा, यांनी याच तंत्रावर संशोधन केले. बिलाच्या यंत्राचे ठिपके मात्र एकाच मापाचे. तेथे रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत उपयोगी पडते.

ती आपल्या खतावणीसारखीच आहे. कण काळा धरताना उरलेल्या १०० चे १६ भाग करावयाचे. ७ उजवीकडच्या कणाला, ५ खालच्याला, ३ खाली डावीकडे आणि १ खाली उजवीकडे. उजवीकडच्या कणाच्या स्वतःच्या १०० मध्ये सुमारे ४४ जमा होऊन १४४ होतात. तो कोरा राहतो. कोऱ्याला २५५ द्यावे लागतात, म्हणून जास्तीचे १११ त्याच प्रमाणात शेजाऱ्यांच्या नावे पडतात. एकेक कण खोटा. एकंदर हिशेब खरा.

मुलांनी छायाचित्र आधी छपाईच्या नेमक्या मापाचे केले, मगच ही रीत लावली. ठिपके पाडल्यावर चित्र लहानमोठे केले, तर ही जुळणी मोडते.

दुसरा कागद आजीने हातभर लांब धरला आणि म्हणाली, "पागोटे त्यांचेच."

वाचकहो, एक सूचना. बिलाच्या कागदावरची ही छपाई काळाने फिकी पडते. मूळ छायाचित्र जपून ठेवावे.