आमणदेवाचा गुन्हा कोणता?

देवगिरीच्या यादवांविषयी दोन विधाने आपल्याकडे पाठ झाली आहेत. एक, १२७१ साली रामचंद्रदेवाने चुलतभाऊ आमणदेवाला हटवून हक्काची गादी परत मिळवली. दुसरे, या भाऊबंदकीनेच पुढे राज्य बुडाले. दोन्ही तपासून पाहिली की टिकत नाहीत.

आधी हक्क. १२६१ च्या सुमारास कृष्णदेव वारला, तेव्हा मुलगा रामचंद्र बहुधा लहान होता. गादीवर आला कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव. महादेव खरा राजा मानला, तर त्याच्यामागे त्याचा मुलगा आमणदेव येणे ओघानेच आले. आणि तो खरा राजा नव्हता म्हणावे, तर त्याच्या दरबारात हेमाद्री श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तरप्रमुख, म्हणून का राबला? ‘चतुर्वर्गचिंतामणी’सारखा धर्मशास्त्राचा महाग्रंथ सिद्ध करणाऱ्या या पंडिताला महादेवही चालला आणि नंतर रामचंद्रही. खुद्द रामचंद्राचा पैठणचा ताम्रपटही राज्य बळाने घेतल्याचेच सांगतो.

हे बळही कसले? देवगिरीचा ताशीव कडा, खालचा खंदक आणि अंधेरी नावाची भुयारी वाट ज्याने पाहिली, त्याला कळेल की हा गड चाल करून घेण्यातला नाही. म्हणून रामचंद्राची माणसे नर्तकांचा ताफा बनून आत शिरली आणि खेळ रंगात असताना त्यांनी आमणदेवाला धरले. बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीच्या १३१० च्या ताम्रपटात हे अभिमानाने कोरले आहे, तेही रामचंद्र दिल्लीचा मांडलिक झाल्यावर! आमणदेवाचे डोळे काढल्याचे महानुभाव परंपरा सांगते. आमणदेवाची बाजू सांगणारा ताम्रपट नाही. जेत्याची प्रशस्ती म्हणजे न्यायनिवाडा नव्हे.

आता दुसरे विधान. सत्तापालट १२७१ चा, अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी १२९६ ची. मधल्या पंचवीस वर्षांत हे राज्य खिळखिळे झाले नव्हते. १२७६ च्या सुमारास सेनापती तिक्कम होयसळांच्या दोरसमुद्रापर्यंत धडकला. १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तिच्या शेवटी याच रामचंद्राचा गौरव आहे. १२९६ ला घात झाला तो मुख्य फौज राजपुत्राबरोबर बाहेर असल्याने आणि उत्तरेतल्या कडा प्रांतातून निघालेला शत्रू दाराशी येईपर्यंत सुगावा न लागल्याने. त्या बेसावधपणाचे खापर आमणदेवाच्या माथी कशाला?

मग खरे काय? तुलनेसाठी पाहा: इंग्लंडात स्टीफन आणि माटिल्डा यांच्यातला गादीचा वाद ११३५ पासून ११५३ पर्यंत देश जाळत राहिला, कारण तिथले सरदार दुभंगले होते. देवगिरीत हेमाद्री आणि तिक्कम यांच्यासारखे कारभारी, सेनानी रामचंद्राकडे गेले, आणि वाद लवकर मिटला. गादी कोणाची हे धर्माने वा जन्माने ठरले नाही. ते दरबाराने ठरवले. रामचंद्र कर्तबगार होता, याबद्दल माझे दुमत नाही. पण कर्तबगारी मागाहून दिसली. ती १२७१ च्या कृत्याचा दाखला होऊ शकत नाही.

देवगिरी म्हणजेच आजचा दौलताबादचा किल्ला दाखवणाऱ्यांनी, पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी रामचंद्राची, म्हणजे रामदेवरायाची, थोरवी जरूर सांगावी. त्याआधी या गडावर आमणदेव नावाचा राजा होता आणि त्याची गादी कपटाने घेतली गेली, हेही सांगावे.