तळ्याला फेरी घालण्यापूर्वी



तूर काढून झाली, हरभरा घाट्यावर आला, ज्वारी निसवली. रब्बीची राखण सोडली तर हे दिवस त्यातल्या त्यात निवांत. अशा वेळी घरातली मुले हट्ट धरतात, “आम्हाला कुठेतरी फिरायला न्या.” मग कोणी समुद्राची गोष्ट काढतो, कोणी खर्चाचा हिशेब मांडतो आणि बेत तिथेच राहतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आपल्या नांदेड-लातूरकडे समुद्र नाही, पण पाण्याचे काठ पुष्कळ आहेत. नांदेडला लागून गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय आहे. कंधार तालुक्यात बारूळला मानार आहे. गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या हाळी-हंडरगुळीजवळ तिरू आहे. धनेगावचा मांजरा तर लातूरकरांना पाणी पाजतो. शिवाय गावोगावी पाझर तलाव आहेतच. काठाची जमीन बहुतेक सपाट असते, त्यामुळे सहा वर्षांचे नातवंड आणि साठीतली आजी दोघांनाही ती फेरी झेपते. पावसाळा सरून पाणी उतरू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर पाखरांची जत्रा भरते. पैसा लागत नाही. लागते ते थोडे नियोजन.

हे नियोजन मी एकदा केले नाही. त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण ती चूक माझी होती.

२०१८ चा पावसाळा आपल्याकडे तुटीचा गेला, हे आपणास आठवत असेल. २०१९ च्या जानेवारीत एका तलावाचे पाणी इतके मागे हटले होते की जुन्या काठापासून पाण्यापर्यंत मोकळे रानच रान दिसत होते. मी शाळेची पंचवीस-तीस मुले घेऊन पाखरे दाखवायला निघालो. समोर चक्रवाकांची जोडी बसलेली. मुले आनंदाने पळत सुटली, मीही मागे. तेवढ्यात एक बाई हातातले खुरपे टाकून धावत आल्या. वयाने माझ्याहून मोठ्या.

“अहो साहेब, मोकळं दिसतंय म्हणून कुणाचंच नाही व्हय?”

खाली पाहिले तेव्हा कळले. गाळात हात-दोन हातांवर लहान लहान आळी केलेली, त्यांत टरबुजाचे बी टोकलेले. कोंब अजून वर आले नव्हते, म्हणून रान रिकामे वाटले. सात-आठ ओळी आम्ही तुडवल्या होत्या. मी म्हटले, “मावशी, चुकलो.” त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग पाण्याकडे हात करून म्हणाल्या, “आमची जमीन तिथं खाली हाय. ती गेली. हे एवढं वरसाच्या बोलीनं मिळतं, ते तरी राहू द्या.”

मी कृषी विस्ताराच्या कामात वर्षे घालवलेला माणूस. गाळपेर म्हणजे काय हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. धरणासाठी संपादित झालेली, पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन पाटबंधारे खाते भाडेपट्ट्याने देते आणि ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचा त्यावर आधी विचार होतो, हे मीच लोकांना सांगत आलो होतो. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांना फक्त पाखरे दिसली.

पुढच्या रविवारी मुलांना घेऊन पुन्हा गेलो. बी विकत नेले होते. मावशींनी टोकण कशी करायची ते दाखवले आणि मुलांनी सात-आठ ओळी पुन्हा लावून दिल्या. काम झाल्यावर त्याच आम्हाला बांधाच्या कडेने एका जागी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “इथं बसा. हलू नका. पाखरं आपणहून येतात.” त्या सकाळी एवढी पाखरे दिसली, तेवढी आधीच्या रविवारी पळापळ करून दिसली नव्हती.

तेव्हापासून माझा पहिला नियम ठरला. फेरी आखताना आधी वाट शोधू नये, आधी जमीन कोणाची ते शोधावे. काठावरची एकही पट्टी बेवारस नसते. ती समजून घेण्यासाठी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : धरणाची भिंत कुठून कुठे आहे? भिंत, दरवाजे, सांडवा आणि पंपघर हा भाग प्रतिबंधित असतो. तशी पाटी लावलेली असते, नसली तरी तो भाग आपल्यासाठी बंदच समजावा. तिथे चालणे नको, फोटोही नकोत. “भिंतीवरून गेले की गोल पुरा होतो,” असे कोणीतरी म्हणतोच. त्याचे ऐकू नये.

दुसरा प्रश्न : गाळपेर कोणी घेतली आहे? गावात विचारले की लगेच कळते. त्या घरी आदल्या दिवशी जाऊन सांगावे आणि कुठून चालावे ते त्यांनाच विचारावे. मासेमारीचा ठेका असेल तर जाळी कुठे आहेत तेही पाहून ठेवावे.

तिसरा प्रश्न : मोटारी कुठे बसवल्या आहेत? पाणी मागे हटते तशा मोटारी पुढे सरकवतात आणि वायरी जमिनीवरून, कधी ओल्या गवतातून जातात. मुलांना वायर ओलांडू देऊ नये, तो भाग टाळूनच वाट धरावी.

चौथा प्रश्न : गाळ कुठे पक्का आहे? काळ्या मातीचा गाळ वरून पापुद्रा धरतो, भेगाही पडतात, पण खाली लापशी असते. माणूस गुडघ्यापर्यंत जातो. काठी टोचून पाहावी. गुरांची पायवाट असेल तिथूनच चालावे.

एवढे कळले की वाट आपोआप ठरते. मोबाईलवरचा नकाशा जरूर पाहावा, पण त्यातले निळे पाणी आजचे पाणी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. मोठ्या धरणाला पुरती प्रदक्षिणा घालण्याचा अट्टहास करू नये, तो काठ चालून सरत नाही. फेरीचे तीन तुकडे करावेत : थोडा काठ, मग ओढ्याच्या कडेने वर, आणि पाणंदीने किंवा शिवरस्त्याने गावात परत. लहान मुले आणि थांबत थांबत पाहणे धरले तर तासाला दोन किलोमीटरच होतात. म्हणून पाच किलोमीटरची फेरी अडीच तासांची समजावी. सकाळी सातला निघावे, ऊन तापायच्या आत घरी यावे. सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठाने चालावे. सूर्य पाठीशी राहतो आणि पाखरांचे रंग नीट दिसतात. कपडे भडक नकोत. सोबत पाणी, भाकरी आणि एक काठी असावी. कुत्रे घरीच ठेवावे.

आता पाखरांविषयी. नावे माहीत असली की मुलांचे लक्ष लागते. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येते ती टिबुकली. चोचीला पिवळे टोक आणि तिच्या मुळाशी तांबडा ठिपका असलेले हळदी-कुंकू बदक तर आपल्याच मुलखातले. लांब गुलाबी पायांवर गाळातून चालतो तो शेकाट्या. नारिंगी-तपकिरी चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतो. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हिमालय ओलांडून आपल्या तळ्यावर उतरतो. तो कधी कधी रात्री हरभऱ्यात, गव्हात चरतो. नुकसान होत असेल तर आवाज करून हाकलावे. जाळे लावणे किंवा विष घालणे मात्र करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. औषध चोळलेले बीसुद्धा उघड्यावर सांडू देऊ नये, ते टिपून पाखरे मरतात.

पाखरांचीही बंद जमीन असते, तिला पाटी नसते एवढेच. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की नदीसुरय उघड्या बेटांवर नुसत्या जमिनीत अंडी घालतो. टिटवी तर तुमच्या माझ्या शेतातच घालते. अंडी मातीच्या रंगाची असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की समजावे, आपण तिच्या अंगणात आहोत, आणि आल्या वाटेने मागे फिरावे. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, असे जुनी माणसे म्हणतात. त्या मावशीही टिटवीच्या अंड्यांभोवती हातभर जागा न खुरपता सोडतात. जायकवाडीच्या नाथसागराला १९८६ साली पक्षी अभयारण्य केले. तिथे वनखात्याचे नियम आहेत. आपल्या गावच्या तळ्यावर तो नियम आपणच व्हायचा.

एक दक्षता महत्त्वाची. मेलेले पाखरू हाताने उचलू नये. २०२१ च्या जानेवारीत परभणी आणि लातूर जिल्ह्यांत कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. एका जागी बरीच पाखरे मेलेली दिसली तर जनावरांच्या दवाखान्यात लगेच कळवावे. घरी कोंबड्या असतील तर काठावरून आल्यावर चपला धुवाव्यात, मग खुराड्याकडे जावे.

या फेरीने काय मिळते, असे कोणी विचारील. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा कोरडा पडला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आज दहा-बारा वर्षांच्या मुलांना ती ऐकीव गोष्ट वाटते. त्यांनी तळ्याच्या काठाने चालावे. यंदा पाणी कुठवर आहे आणि मागील वर्षी कुठवर होते, ते दगडावर खूण करून पाहावे. ज्या घराचे शेत पाण्याखाली गेले त्या घरी बसून पाणी प्यावे. मग नळाच्या पाण्याची किंमत त्यांना वेगळी सांगावी लागणार नाही.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची आणि १२ तारीख सालिम अली यांच्या. पण आपल्याला सप्ताहाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या रविवारीच जावे. शनिवारी संध्याकाळी मात्र एक काम आठवणीने करावे. काठावरच्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन विचारावे, “उद्या मुलांना घेऊन येतो. कुठून चालू?”

बाकी पुढील अंकी. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे कसे उभारावेत, ते पाहू. आज काठावर पाहिलेल्या पाखरांचे भाऊबंदच तिथे आपल्या कामाला येणार आहेत.